चेन्नईच्या फलकावरची प्रेयसी: एका प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. दर हिवाळ्यात आमचा विभाग दोन दिवसांचं प्रदर्शन भरवतो. फलक मुलंच तयार करतात, आणि पाहायला त्यांच्या घरची माणसं, आसपासच्या शाळांची पोरं, मॉर्निंग वॉकहून परतणारे निवृत्त लोक येतात. त्या वर्षी विषय घेतला होता 'गाव इथंच का?' गाव कुणी वसवलं हे पाठ्यपुस्तकात असतं. पण नेमकी हीच जागा का निवडली, हे सहसा नसतं. ते मुलांनी शोधावं, असा विचार होता.

फलक सहा होते. नागपूर, सीताबर्डीची रेसिडेन्सी (भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचं ठाणं), कामठी, चिखलदरा, पचमढी आणि चेन्नई. पहिले पाच आपल्या मुलखाचे किंवा शेजारचे. मग चेन्नई कुठून आलं, असं सहकाऱ्यांनीही विचारलं. ते आलं बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीमुळे. ती कामठीची. मराठी आपल्यासारखीच बोलते, पण आजोबांच्या घरी अजून तमिळ चालतं. घरात सांगतात की पूर्वज पलटणीबरोबर आले. तिच्या घराण्याची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, मात्र या सांगण्यामागचा इतिहास पक्का आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांच्या बाजूने जे लढले, त्यांत मद्रासच्या देशी पायदळाच्या विसाव्या आणि चोविसाव्या रेजिमेंटचे शिपाई होते. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी पडली, तीही पुढची कित्येक दशकं मद्रासच्याच पलटणींनी सांभाळली. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूत फोर्ट सेंट जॉर्ज हा इंग्रजांचा मद्रासचा किल्ला उभा राहिला नसता, तर कामठीची वस्ती आज आहे तशी नसती. हा धागा मला फार आवडला आणि सहावा फलक ठरला.

पाच जणांचा गट केला. मजकूर लिहायची जबाबदारी एका मुलाने घेतली. वर्गात सगळ्यांत जास्त वाचणारा तोच.

अडचण

त्याने फलकाला मथळा दिला 'प्रेमासाठी वसलेलं शहर'. खाली लिहिलं होतं, ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस डे १६३९ मध्ये या किनाऱ्यावर आला. बंदर नाही, गोडं पाणी पुरेसं नाही, समोर खवळलेला समुद्र. तरी त्याने हीच जागा घेतली, कारण जवळच्या सान थोमे या पोर्तुगीज वस्तीत त्याची प्रेयसी राहत होती आणि तिला भेटणं सोपं व्हावं अशी त्याची इच्छा होती.

ही गोष्ट त्याने स्वतःच्या मनाने रचलेली नव्हती. मद्रासच्या जन्माबद्दल ती खूप ठिकाणी सांगितली जाते. मी कच्चा मजकूर वाचला, मथळ्यावर हसले आणि 'छान' असा शेरा दिला. लोक थांबतील, वाचतील, हा माझा हिशोब होता. सगळं प्रकरण इथूनच सुरू झालं, म्हणून हे आधीच सांगितलं.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना कामठीची मुलगी खोलीत आली. रडलेली नव्हती, चिडलेली होती.

"मॅडम, परवा माझे आजोबा येऊन राहिले. त्यांना मी हा फलक काऊन दाखवू? याच्यात चेन्नईचा माणूसच नाही."

मी फलक पुन्हा वाचला. खरंच नव्हता. एक इंग्रज होता, नाव नसलेली एक बाई होती आणि रिकामी वाळू होती. ज्याने जमीन दिली त्याचंही नाव नव्हतं. शिवाय मला दुसरी गोष्ट टोचू लागली. या प्रेमकथेचा आधार काय, हे मी मुलाला विचारलंच नव्हतं. नागपूरच्या फलकाला, शहर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाबद्दल, मी तीन प्रश्न विचारले होते, चेन्नईला एकही नाही.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी गटाला घेऊन बसले. चार वाटा पुढे आल्या.

एकीने सुचवलं, फलकच काढून टाका, पाच पुरेत. वेळेच्या दृष्टीने हे सगळ्यांत सोपं होतं. पण मग कामठीचा धागाही गेला असता, आणि आक्षेप घेणाऱ्या मुलीच्याच हातून तिचा विषय गेला असता.

दुसरी वाट, मजकूर तसाच ठेवून प्रत्येक वाक्यामागे 'म्हणतात' लावायचं. आपल्याकडे स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांत हे सर्रास होतं. मला ते पटत नाही. 'म्हणतात' लिहिलं की लिहिणारा सुटतो आणि वाचणाऱ्याला तो शब्द दिसतही नाही. घरी जाऊन तो प्रेयसीच सांगतो.

तिसरी वाट माझ्या सहकारी प्राध्यापकांनी फोनवर सुचवली. व्यक्तिगत काहीही नको, फक्त व्यापारी आणि लष्करी कारणं द्या. याला वजन होतं, कारण ती कारणं भक्कम आहेत. डे आधी उत्तरेकडच्या आरमगाव या ठाण्यावर होता. तिथली खाडी उथळ, स्थानिक सरदाराशी खटके आणि व्यापार मंद. मोठं ठाणं मच्छलीपट्टणमला, पण ते गोवळकोंड्याच्या अमलाखाली. कंपनीला हवं होतं दक्षिणेचं सुती कापड, आणि डेने कळवलं होतं की नव्या जागी ते इतर ठिकाणांपेक्षा २० टक्के स्वस्त मिळतं. जागेच्या एका बाजूला समुद्र आणि मागे नद्या, म्हणजे राखायला सोपी. उत्तरेला पुलिकतला डच बसलेले, दक्षिणेला सान थोमेत पोर्तुगीज. मधली पट्टी मोकळी होती.

मात्र ही वाट पूर्ण घेतली असती तर आणखी एक चूक झाली असती. जागा निवडणारी माणसं हाडामांसाची होती, त्यांना स्वतःचे स्वार्थ होते. व्यक्तिगत हेतू असतो हे मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याने कुणाचा आणि कोणता हेतू उचलला, तिथे घोळ होता.

चौथी वाट, गोष्ट ठेवायची पण तिचा उगम दाखवायचा, आणि ज्या व्यक्तिगत हेतूंना कागदाचा आधार आहे ते शेजारी मांडायचे. काम सगळ्यांत जास्त, हाताशी दोन दिवस. हीच घेतली.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात बसलो. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर उघडल्या. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत 'एस' बऱ्याचदा 'एफ'सारखा दिसतो. पहिला अर्धा तास मुलांनी शब्द ओळखण्यातच घालवला, पण नंतर गाडी लागली.

प्रेयसीच्या गोष्टीचा आम्हाला मिळालेला सगळ्यांत जुना छापील उल्लेख १७२७ चा. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपलं पूर्वेकडचं वर्णन एडिनबर्गला छापलं, त्यात तो मद्रासच्या जागेवर वैतागलेला आहे. इतका वाईट किनारा का निवडला असेल, असं विचारून दोन ऐकीव कारणं देतो. काहींच्या मते सान थोमेच्या पोर्तुगीजांचा व्यापार बुडवायला. इतरांच्या मते, आणि त्याला हे जास्त संभवनीय वाटतं, किल्ला बांधणाऱ्या गृहस्थाची प्रेयसी सान थोमेत होती आणि भेटीगाठी सोप्या व्हाव्यात म्हणून.

इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. मग त्याच वाक्यातलं नाव एका मुलीने मोठ्याने वाचलं आणि खोली शांत झाली. हॅमिल्टनच्या समजुतीनुसार तो गृहस्थ फ्रान्सिस डे नव्हताच. त्याने नाव दिलं होतं सर विल्यम लँगहॉर्नचं, आणि काळ सांगितला होता दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पुनरागमनानंतरचा, म्हणजे १६६० नंतरचा. लँगहॉर्न मद्रासचा कारभारी होता १६७० च्या दशकात. किल्ल्याचं काम सुरू झालं १६४० मध्ये, तेव्हा तो शाळकरी वयाचा पोर होता. किल्ल्यानंतर ८७ वर्षांनी छापलेली एक ऐकीव गोष्ट भलत्याच माणसाला चिकटवलेली होती. पुढे कुणीतरी तारखा जुळवल्या, लँगहॉर्न बसत नाही म्हणून त्याच्या जागी डेला बसवलं, आणि प्रेयसी मात्र होती तिथेच राहिली.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. मजकूर लिहिणारा मुलगा म्हणाला, "मग मॅडम, खोटं आहे असंच लिहू ना सरळ." मला तसं लिहिता येत नव्हतं. डेची सान थोमेत कुणी मैत्रीण नव्हती, हे सिद्ध करणारा कागदही आमच्याकडे नव्हता. किल्ल्यापासून ती वस्ती साधारण पाच किलोमीटरवर, माणसांची ये-जा असणारच. बराच वाद झाला. शेवटी गोष्ट खरी की खोटी हे न सांगता तिचा प्रवास सांगायचं ठरलं: कुणी छापली, कधी, कुणाच्या नावावर, आणि पुढे नाव कसं बदललं. फलकाचा डावा अर्धा भाग त्याला दिला. वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं.

उजव्या भागासाठी आम्ही डेचे हेतू शोधले. कंपनीच्या नोकरांचे पगार तोकडे होते आणि स्वतःचा खासगी व्यापार करून ते भरून काढणं ही त्यांची रीत होती. नवं ठाणं म्हणजे नवी संधी. त्याहून ठळक गोष्ट व्याजाची. किल्ला पुरा होईपर्यंत जो पैसा खर्च होईल त्याचं व्याज मी भरतो, असं डेने आधी सांगितलं आणि नंतर हात वर केले, अशी तक्रार कंपनीच्या लोकांनीच पत्रात केलेली आहे. माणूस आपल्या खिशातून व्याज भरायला तयार होतो म्हणजे त्या जागेत त्याचा जीव किती गुंतलेला होता! त्याचा वरिष्ठ अँड्र्यू कोगनही पुढे अडचणीत आला. लंडनच्या संचालकांना किल्ल्याचा खर्च मान्य नव्हता आणि कोगनला जाब द्यावा लागला.

आणि मग नायक. मी ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तो भाग हा.

जमीन दिली दामर्ला वेंकटाद्री नायकाने. विजयनगरच्या उतरत्या काळातला हा सरदार, मुक्काम वांदिवाशला. त्याचा भाऊ अय्यप्पा नायक पूनमल्लीला, आणि इंग्रजांना बोलावण्यात त्याचा पुढाकार होता. मध्ये दुभाषी होता बेरी तिम्मप्पा. नायकाने इंग्रजांना जागा का दिली, हे इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात आहे. व्यापार वाढून मुलूख सुधारावा आणि जकातीत वाटा मिळावा, हे एक. त्याला इराणहून उमदे घोडे हवे होते, हे दुसरं. आणि बंगालकडून शिकारी ससाणे, माकडं, पोपट आणायला आपली माणसं इंग्रजांच्या जहाजांवरून जावीत, अशीही इच्छा होती. पत्र लिहिणाऱ्या इंग्रजाने या शेवटच्या मागणीला फुटकळ ठरवलं आहे. मुलांना मात्र ती फार आवडली. ज्याच्याकडे आम्ही 'स्थानिक राजा' म्हणूनही पाहिलं नव्हतं, त्याला पोपटांची हौस होती.

याशिवाय नाव. किल्ल्याभोवती जी वस्ती वाढली तिला नायकाच्या वडिलांचं, चेन्नप्पांचं नाव देऊन चेन्नपट्टणम म्हटलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चेन्नकेशव पेरुमाळाच्या मंदिरावरून नाव आलं असंही एक मत आहे, तेही फलकावर घेतलं. पण पहिलं मत धरलं, तर या शहराच्या जन्मामागचा सगळ्यांत टिकलेला व्यक्तिगत हेतू एका मुलाची बापाबद्दलची भावना हा आहे. १९९६ मध्ये मद्रासचं अधिकृत नाव चेन्नई झालं आणि तो हेतू रोज कोट्यवधी लोकांच्या तोंडी आला. आमच्या पहिल्या फलकावर तो नव्हता. इंग्रजाच्या कथित प्रेयसीला मथळा मिळाला होता.

दुसरा निर्णय मी घाईत घेतला आणि तो चुकला. नवा मजकूर लिहायला मी कामठीच्या मुलीला सांगितलं. तिचाच आक्षेप, तिचंच घर, तिचीच तळमळ, म्हणून मला ते न्याय्य वाटलं. पहिला लिहिणारा मुलगा काही बोलला नाही. तारखा तपासायला त्यानेच सगळ्यांत जास्त मदत केली, मग बॅग उचलून निघून गेला.

निष्पत्ती

मथळा बदलून 'चेन्नई: कुणाकुणाची इच्छा?' असा केला. प्रदर्शनाच्या सकाळी रंग ओला होता.

लोक थांबले का? थांबले, पण जुन्या मथळ्याला जितके थांबले असते तितके नाही, असं मला वाटतं. डावा भाग वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, "मग प्रेयसी होती की नव्हती?" काहींना उत्तर हवं होतं आणि आमच्याकडे ते नव्हतं. शाळेच्या पोरांनी सरळ पोपट पकडले.

दुपारी मुलीचे आजोबा आले. काठी टेकवत एकेक ओळ बोटाने वाचली. दामर्ला नायकाच्या ओळीवर थांबले आणि नातीला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापाचं नाव ठेवलं म्हणा की पोरानं." सीताबर्डीच्या फलकापुढे मात्र ते जास्त वेळ उभे राहिले. तिथे मद्रासच्या पायदळाचा उल्लेख एका ओळीत होता. ती ओळ वाढवायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

पहिला मजकूर लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. फोन केला तर म्हणाला, बरं नाही. मी घरी गेले. तिथे बोलताना कळलं की चूक दाखवल्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. चूक सुधारायची संधी दुसऱ्याला दिली, ते लागलं होतं. त्याच्या आईसमोर मी त्याची माफी मागितली.

आता काय वेगळं करेन

आधार विचारण्याची वेळ बदलेन. 'हे कुठून घेतलंस?' हा प्रश्न पहिला कच्चा मजकूर हातात आला त्या दिवशी विचारायचा, आणि तो आवडलेल्या मजकुराला आधी विचारायचा. मला न आवडलेले परिच्छेद मी आपोआप तपासते. आवडलेल्या मथळ्याने माझी नजर झोपवली होती.

चूक ज्याची त्यानेच फलक दुरुस्त करावा. कामठीच्या मुलीला नायकाचा भाग आणि त्या मुलाला हॅमिल्टनचा भाग, अशी वाटणी सहज झाली असती. डावी बाजू त्याच्या हाताने लिहिली असती तर ती जास्त चांगली झाली असती, कारण ती गोष्ट त्याला मनापासून आवडली होती.

प्रत्येक फलकासाठी एक ओळ सक्तीची करेन: जमीन कुणाची होती आणि त्याला काय हवं होतं? रेसिडेन्सीच्या फलकावरही भोसल्यांची बाजू आम्ही अशीच तोकडी मांडली होती. पचमढीच्या फलकात, ती जागा शोधल्याचं श्रेय ज्याला देतात त्या इंग्रज कॅप्टन फॉर्सिथचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि तिथल्या गोंड, कोरकू लोकांचं लहान अक्षरांत.

आणि कामठी. चेन्नईच्या गडबडीत त्या फलकाकडे कुणी पुन्हा पाहिलंच नाही. त्यावर लिहिलं होतं की इंग्रजांच्या 'कॅम्प टी'वरून कामठी हे नाव पडलं. नागपुरात हे सगळेच सांगतात, मीही लहानपणापासून ऐकत आले. आधार विचारला, तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. प्रदर्शन संपल्यावर फलक उतरवताना हे लक्षात आलं, आणि लक्षात आणून दिलं त्याच मुलाने.

सध्या तो या नावाच्या मागे आहे. रविवारी कामठीला जातो, त्या मुलीच्या आजोबांकडे बसतो, जुने नकाशे आणि महसुली कागद कुठे मिळतील ते विचारत फिरतो. मागच्या आठवड्यात विभागात आला आणि म्हणाला, "मॅडम, १८२१ च्या आधीच्या कागदात कामठी नाव सापडलं तर?"

मी म्हटलं, सापडलं तर आणून दाखव. नाही सापडलं, तर कुठे कुठे शोधलंस ते तारखेसकट वहीत लिहून ठेव.